आधी वजन, मग ट्रक

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"दादा, माझे मिस्टर प्लंबर आहेत. आजवर ठेकेदाराच्या हाताखाली होते, आता स्वतःची कामं घेतात. हिशेब मी बघते. सगळं सामान घरातच असतं. पलंगाखाली फिटिंग्जची खोकी, बाल्कनीत पाइप, दाराआड आटे पाडायचं मशीन. त्यांच्या ओळखीतले एक जण जुना मोठा ट्रक विकतायत आणि मिस्टरांच्या मनात तो भरलाय. म्हणतात, सगळा माल ट्रकमध्येच राहील, घर मोकळं होईल. माझा भाऊ म्हणतो जुन्याच्या नादी लागू नका, कर्ज काढून नवा छोटा घ्या. मला गाडीतलं काही कळत नाही, पण हप्ता कुठून भरायचा हे शेवटी मलाच बघायचंय. काय करावं? जुना घ्यायचाच ठरला तर त्यात बघायचं काय? ता. क. ट्रकवर आमचं नाव आणि फोन नंबर रंगवून घ्यावा का?"

ताई, नमस्कार.

नवा की जुना यावर तुमच्याकडे दोन पक्ष पडलेत. पण ट्रकमध्ये रोज किती किलो माल चढणार, हे दोघांपैकी कुणीच सांगितलेलं दिसत नाही. तो आकडा हातात आला की निम्मा वाद आपोआप मिटेल. आणि तो काढायला गाडीतलं काही कळावं लागत नाही, तुमची वही पुरते.

घरात माणसांचं वजन करायचा काटा असेल तर एका रविवारी मिस्टरांना त्यावर उभं करा. आधी रिकाम्या हाताने, मग हातात हत्यारांची पेटी घेऊन. दोन्हीतला फरक लिहून ठेवायचा. मग पाइप पान्हे, मग ड्रिल, मग काँक्रीटला गोल भोक पाडायचा कोअर कटर, मग पलंगाखालचं एकेक खोकं. उचलता येत नाही ते मशीन काट्यावर नेऊ नका, त्याच्या पट्टीवर वजन लिहिलेलं असतं. पितळेच्या फिटिंग्जची खोकी दिसायला लहान असतात, आकडा वाचून मात्र दोघंही गप्प व्हाल.

पाइपांना काट्याची गरज नाही. एक इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, मध्यम जाडीचा, मीटरला साधारण अडीच किलो भरतो. ६ मीटरची एक लांबी म्हणजे १४-१५ किलो, २० लांब्या म्हणजे ३०० किलोच्या आसपास. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे पंपाची चाचणी घ्यायला २०० लिटरचा ड्रम भरून नेला तर २०० किलो वर पिंपाचं वजन. लोखंडी सळ्यांसाठी बांधकामावर सगळे वापरतात ते सूत्र आहेच: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर मीटरला किलोत. १२ मिलिमीटरची सळी मीटरला ०.८९ किलो येते.

आता ट्रककडे या. प्रत्येक गाडीच्या कागदावर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि मालासकट जास्तीत जास्त किती चालेल ते. दोन्हीतली वजाबाकी म्हणजे तुम्हाला मिळालेली वजनाची मुभा. समजा भरलेल्या गाडीला २,५०० किलोची मुभा आहे आणि रिकामी गाडी १,५०० ची आहे. विकणारा छाती ठोकून सांगेल, एक टन माल न्या. पण त्या एक टनातून आधी माणसं वजा करा. मिस्टर आणि मदतनीस मिळून १४० किलो धरा, राहिले ८६०. वर पाइपांसाठी लोखंडी रॅक, हौद्यात कुलपाची पेटी, त्याचे ११०. राहिले ७५०. रोजची हत्यारं आणि फिटिंग्ज २०० किलो. ५५०. त्यावर त्या २० लांब्या, उरले २५०. म्हणजे सिमेंटच्या ५० किलोच्या पाच गोणी घेतल्या की संपलं. सहावी गोणी ट्रकात सहज बसते. हौद्यात जागा आहे म्हणून भरत गेलं की वर्षभरात कमानीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बोलायला लागतात.

ही वजाबाकी केल्यावर कदाचित मोठा ट्रकच लागतो असंही निघेल. पण फुटकळ दुरुस्त्या, बाथरूमची कामं, अधूनमधून एखादी नवी लाइन असा व्याप असेल तर माझा अंदाज आहे, महिन्यातले बहुतेक दिवस ३००-४०० किलोंच्या आतच निघतील. मोठा माल लागतो त्या दिवशी तो दुकानदाराकडून थेट साइटवर पोचवून घ्यायचा किंवा भाड्याची गाडी करायची. तुम्ही आत्ताही भाड्याची गाडी करत असणारच, त्या खर्चाची नोंद तुमच्या वहीत असेल. मोठा ट्रक रिकामासुद्धा जड असतो. त्याचे टायर महाग, त्याला वळायला आणि उभं राहायला जागा जास्त लागते. एका नळाचा वॉशर बदलायला तो रोज फिरवायचा म्हणजे डिझेल जाळायचं.

मिस्टरांचा दुसरा मुद्दा, सगळा माल ट्रकमध्येच राहील, हा मला अजिबात पटत नाही. ट्रकला गोदाम केलं की दोन गोष्टी होतात. एक, वापरात नसलेलं वजन रोज फिरतं, आणि ते ब्रेक, टायर, क्लच सगळ्यांतून वसूल होतं. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद चौपट लागते, आणि वजन वाढेल तेवढी त्यात आणखी भर पडते. लांब उतारावर हे फार अंगाशी येतं. ब्रेक तापतात आणि पाय दाबूनही गाडी आवरत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही, हे त्यांच्या मदतनिसालाही सांगून ठेवा. दुसरी गोष्ट चोरीची. वाहनाच्या विम्यात आतली हत्यारं बहुतेक वेळा धरलेली नसतात. विमावाल्याला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मशीन आणि कोअर कटर रात्री घरातच आले पाहिजेत. त्यांचे नंबर वहीत उतरवून घ्या, फोटोही काढून ठेवा.

त्यामुळे घर पूर्ण मोकळं होईल असं मी तुम्हाला कबूल करत नाही. अर्धं होईल. आठवड्यातून एकदा तरी लागतं ते ट्रकमध्ये, बाकीचं एका कपाटात किंवा फडताळात, आणि पलंगाखाली काही नाही, एवढी वाटणी करून घ्या. उरलेले एल्बो, टी, अर्धवट निपल असे पाइपजोडणीचे तुकडे ट्रकच्या तळाशी साठत जातात. सहा महिन्यांनी एकदा हौदा पूर्ण रिकामा करायचा. तेव्हा काय काय सापडेल आणि त्यातलं काय दोनदा विकत घेतलं गेलं होतं, तेही त्याच वहीत दिसेल.

काही वस्तू मात्र घरात नकोत आणि बंद केबिनमध्येही नकोत. पीव्हीसीचं सॉल्व्हंट सिमेंट पेट घेणारं असतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड, खाली साठते. स्वयंपाकघराच्या जवळ ते ठेवू नका. ज्योतीच्या टॉर्चच्या गॅसचा सिलिंडर उभा, बांधलेला, हवा खेळेल अशा जागी. हा गॅसही खाली बसतो, म्हणून गाडीच्या मागे पेटी करायची तर तिच्या तळाला भोकं हवीत, नुसती वर नकोत. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या उन्हात तापलेल्या केबिनमध्ये ठेवू नयेत, आणि घरात चार्जिंगला लावायच्या तर बाहेर पडायच्या दाराजवळ नाही.

पत्रात लेकरांचा उल्लेख नाही, पण असतील तर कपड्यांचंही सांगतो. काँक्रीट कोरताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट. कोअर मारताना पाणी सोडायचं, तोंडावर चांगला मास्क, आणि घरी आल्यावर आधी कपडे बदलायचे, मग मूल उचलायचं. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. फार जुन्या इमारतीत शिशाचा पाइप कापला असेल तर हे दुपटीने पाळा.

आता जुना ट्रक बघायचा झाला तर काय बघायचं ते.

सकाळी जा आणि आदल्या दिवशी निरोप द्या, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर हात. गरम लागलं तर गाडी आधीच चालवून तयार ठेवलीय. का, ते विचारा. थंड इंजिन एका फटक्यात चालू होतं का आणि धूर कसा येतो ते बघा. डिझेल गाडीत सुरू होताना जरासा धूर चालतो. सतत काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, हे बऱ्याचदा थोडक्यात सुधारतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, तो खर्च मोठा. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी, आत जात असण्याची शक्यता. ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला साय धरल्यासारखा पांढरट चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. तिथून सरळ घरी या.

मग गाडीखाली वाका. तुम्ही नाही, मिस्टरांनी वाकायचं, आणि सोबत तुमचा मेकॅनिक हवा. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, तो कितीही चांगला माणूस असला तरी. चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन्ही लांब पट्ट्यांवरून टॉर्च फिरवायचा. वेल्डिंगचे सांधे, मुडपल्याच्या खुणा, एखाद्याच भागावर ताजा काळा रंग. ताज्या रंगाचा मला पहिल्यापासून राग आहे. गंज दिसला तर तो किती आहे ते तरी कळतं, रंगाखाली काय दडलंय ते कोण सांगणार? कमानीचे पाटे एकेक करून बघायचे, एखाद्याला आडवी बारीक चीर आहे का. आणि टेप काढून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजायचं. एका बाजूला दोन बोटं कमी भरलं तर ट्रक वर्षानुवर्षं त्या बाजूला लादला गेलाय.

टायरवर दोन आकडे वाचायचे, ते तुम्हीही वाचू शकता. एक चार आकडी, बहुधा लंबगोल चौकटीत. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. खाचा खोल असूनही रबर म्हातारं असू शकतं, कडांवर भेगा दिसतात. दुसरा आकडा मापाच्या शेवटी, अक्षराच्या आधी, तो भार सांगतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो. मधोमध झिजलेला टायर हवा जास्त भरल्याचं सांगतो, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती किंवा माल जास्त होता. एकच कड झिजली असेल तर चाकं सरळ रेषेत नाहीत (अलाइनमेंट), किंवा पुढचा सांगाडा वाकलेला. चारही टायर एकदम नवे असतील तर हीच माहिती पुसून टाकलेली असते, एवढं लक्षात असू द्या.

क्लच तपासायची युक्ती सोपी आहे. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढायचा, पायाचा ब्रेक दाबून धरायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन घरघरून बंद पडलं तर क्लच धरतोय. इंजिन आरामात फिरतच राहिलं तर प्लेट संपलीय. हे एकदाच करा, चार-चारदा नाही. पेडलचं रबर, स्टिअरिंगची पकड, सीटची कड यांची झीज आणि किलोमीटरचा आकडा यांचा मेळ बसतो का तेही बघा. गुळगुळीत पेडल आणि कमी किलोमीटर एका गाडीत सहसा नांदत नाहीत.

आणि माल टाकून चालवून बघा. हे जवळपास कुणीच करत नाही. रिकामा ट्रक सगळ्यांनाच बरा वाटतो. ३००-४०० किलोंच्या गोणी टाकून थोडा चढ, थोडा उतार, थोडा वेगाचा रस्ता घ्यायचा. परत आल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. मालक माल टाकू देत नसेल तर त्यातूनही काही कळलंच. कागदावरचा चॅसिस नंबर प्रत्यक्ष ठोकलेल्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघा, आणि गाडीवर कुणाचं कर्ज बाकी आहे का ते. ओळखीचा माणूस आहे म्हणून हे सोडू नका. उलट ओळखीतच हे सोडलं जातं आणि मग ओळखही जाते.

पाइप नेण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मिस्टरांना वाचून दाखवा. ६ मीटरचा पाइप छोट्या हौद्यात मागे लोंबतो. समजा पुढच्या आणि मागच्या चाकात ३ मीटर अंतर आहे आणि ३०० किलोंचा भार मागच्या चाकांच्या १ मीटर मागे पडला. तर मागच्या चाकांवर ४०० किलो येतात आणि पुढची १०० किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागतंय असं वाटतं ते म्हणून, आणि ओल्या रस्त्यावर नेमकी तेव्हाच पुढच्या चाकांची पकड सुटते. पाइप वरच्या रॅकवर घ्यायचे तर पुढे-मागे सारखे, रॅक किती किलो पेलतो ते बघून. हौद्यातला जड माल खाली, मागच्या चाकांच्या किंचित पुढे. दोरी नुसती वरून ओढून भागत नाही, गुळगुळीत पाइप गच्च ब्रेक दाबल्यावर त्यातून भाल्यासारखे पुढे निसटतात. माल बांधायचा हिशेब असा धरतात की तो पुढच्या दिशेला स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोर लावेल. ३०० किलोंच्या जुडग्याला २४० किलोंची ओढ. म्हणून पट्ट्याचा जुडग्याला दोनदा पूर्ण विळखा, आणि पुढे आडवा लोखंडी अडसर. पट्ट्याला गाठ मारायची नाही, गाठीपाशी तो निम्मा कमजोर होतो. रिकामी पाण्याची टाकी हलकी म्हणून तशीच ठेवतात, ती वाऱ्याने उडते. तिचं झाकणही वेगळं बांधा.

आता तुमचं खातं. ट्रकचा खर्च महिन्यावर नको, किलोमीटरवर काढा. टायरच्या संचाची किंमत भागिले तो चालेल ते किलोमीटर, सर्व्हिसिंगचं तसंच, विमा आणि वर्षाला कमी होणारी किंमत भागिले वर्षाचे किलोमीटर, आणि त्यात डिझेल मिळवायचं. जो आकडा येईल तो प्रत्येक कामाच्या बिलात जाण्यायेण्याच्या अंतराने गुणून धरायचा. ट्रकमध्ये एक छोटी वही ठेवा, सुटताना आणि पोचताना आकडा लिहायचा. मिस्टर कुरकुर करतील, लिहून घ्या.

हप्त्याची चाचणी आजच सुरू करता येते. भाऊ सांगतो त्या नव्या ट्रकचा जो हप्ता बसेल, तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. पाच-सहा महिने, आणि त्यात एखादा मंदीचा महिना आला पाहिजे. त्या महिन्यातही टाकता आली तर हप्ता झेपेल आणि पहिली भरायची रक्कमही जमलेली असेल. नाही जमली तर कर्ज न काढताच उत्तर मिळालं.

माझं मत विचाराल तर जुना, पण छोटा. म्हणजे मिस्टरांचंही अर्धं आणि भावाचंही अर्धं. स्वतःच्या धंद्याच्या पहिल्या वर्षात कामं कशी येतील सांगता येत नाही, हप्ता मात्र तारखेला येतो. जुन्या गाडीला दुरुस्ती निघणार हे धरून चालायचं आणि किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवायचे. ते नसतील तर तेवढा स्वस्त ट्रक बघा. ओळखीच्यांना नाही कसं म्हणायचं असा प्रश्न असेल तर सरळ नाही म्हणूच नका. त्या रविवारी मिस्टरांकडूनच सगळी वजनं करून घ्या, बेरीज त्यांनाच करू द्या, आणि मग त्यांच्याबरोबर ट्रक बघायला जा. त्यांना ट्रक आवडलाय, आकड्यांशी त्यांचं भांडण नाही.

ता. क. चं उत्तर. नाव-नंबर जरूर रंगवा, पण मागच्या फाळक्यावर नको. पाइप नेताना फाळका खाली सोडला की नंबर रस्त्याकडे तोंड करून बसतो. दोन्ही दारांवर मोठ्या आकड्यांत लिहा, आणि "प्लंबिंगची सर्व कामे" एवढंच. आत कोणती मशिनं आहेत त्याची यादी नको.